शनिवारची दुपार कुणाची? कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

मी ठाण्यात समुपदेशन करते. हे प्रकरण एका नोकरदार बाईंचं आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना स. ताई म्हणू. आठवडाभर राबून शनिवार-रविवारी अंथरुणातून उठवत नाही, आणि म्हणून ‘मी आळशी आहे’ असं सांगत येणाऱ्या बायका मला वारंवार भेटतात. त्यांच्या या वाक्यावर सगळेच फार पटकन विश्वास ठेवतात. स. ताईंच्या बाबतीत आम्ही तो ठेवला नाही. त्यामुळे पुढचे निर्णय कसे बदलत गेले, ते सविस्तर मांडते.

पार्श्वभूमी

स. ताई ४१ वर्षांच्या. घर कोपरखैरण्यात, सिडकोच्या जुन्या वसाहतीत. नोकरी रबाळे-महापे पट्ट्यातल्या एका कंपनीत, अकाउंट्स विभागात. कंपनीचा आठवडा पाच दिवसांचा. यजमान बँकेत आहेत, वाशीला गाडी बदलून रोज फोर्टला जातात. बँकांना २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे एक शनिवार ते घरी, पुढचा कामावर. ही अदलाबदल तेव्हा कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. घरात नववीतला मुलगा आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. भांड्यांच्या मावशी सोमवार ते शनिवार येतात. रविवारी त्यांची सुट्टी असते, आणि ती असायलाच हवी. आपल्याकडे रविवार सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी अनेक वर्षं तो लावून धरला, तेव्हा कुठे १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांमध्ये साप्ताहिक सुट्टी ठरली. कष्टकऱ्याला विसाव्याचा एक दिवस हक्काने मिळावा, या मागणीतली कळकळ मला आजही तितकीच खरी वाटते.

आदल्या वर्षी स. ताईंनी मुक्त विद्यापीठातून एम.कॉम.ला प्रवेश घेतला होता. लग्नाआधी सुटलेलं शिक्षण पुरं करायचं होतं, आणि ऑफिसमध्ये बढतीसाठीही त्याचा उपयोग होता. अभ्यास शनिवार-रविवारी करायचा, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

अडचण

पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून एक कागद काढला. ऑफिसच्या छापील हिशोबाच्या कागदाची ती मागची बाजू होती. त्यावर पट्टीने आखलेलं वेळापत्रक होतं आणि ‘अभ्यास’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे लाल शाईची चौकट होती. ५.०० उठणे. ५.१५ प्राणायाम. ५.४५ ते ७.४५ अभ्यास. मग नाश्ता, कपडे, स्वयंपाक. ११.०० ते १.०० अभ्यास. जेवण. २.०० ते ४.०० अभ्यास. रविवारच्या रकान्यात हेच सगळं, वर आठवड्याची भाजी निवडणे, वाटण करून ठेवणे आणि इस्त्री. विश्रांती असा शब्द दोन्ही रकान्यांत कुठेच नव्हता.

असा कागद त्या दर शुक्रवारी रात्री करत. शनिवारी पाचचा गजर बंद करून झोपत आणि उठत साडेनऊला. पहिल्याच ओळीवर वेळापत्रक मोडलं की मन म्हणे, ‘गेलाच आता दिवस’. डाएट करणाऱ्यांमध्ये हेच होतं, असं जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. ठरवलेली मर्यादा एकदा ओलांडली गेली, की माणूस उरलेला दिवस हिशोबच सोडून देतो. स. ताईंचंही तेच व्हायचं. दुपारी आडवं व्हायचं, मोबाईल हातात घ्यायचा आणि संध्याकाळी अपराधी वाटून चिडचिड करायची. रविवारी सकाळभर आठवड्याची तयारी, मग जड जेवण आणि लांबलेली झोप. रात्री एक वाजला तरी डोळ्याला डोळा नाही. सोमवारी पावणेसहाला उठताना अंग मोडून आलेलं.

“मला शिस्त लावून द्या,” त्या म्हणाल्या. हेच त्यांचं मागणं होतं.

पहिला निर्णय तिथेच घ्यायचा होता. मागणं जसंच्या तसं स्वीकारायचं, की आधी पाहायचं? आम्ही दोन आठवडे काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची असं ठरवलं. सोबत रक्ताची तपासणी करून घ्या असंही सांगितलं. सततचा थकवा घेऊन आलेल्या बाईला हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहिल्याशिवाय शिस्तीचे धडे देणं मला योग्य वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एवढ्या आकड्यापुढे ‘आळस’ हे निदान आधी सुचता कामा नये.

नोंदवहीत काय निघालं

एका शनिवारची नोंद इथे जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देते, कारण सगळं प्रकरण तिच्यात आहे. यजमान त्या दिवशी बँकेत होते.

“१०.०५ पुस्तक उघडलं. १०.१५ सिलिंडर आला. १०.३० आईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, मेडिकलला फोन. १०.५० मशीन थांबलं, कपडे वाळत घातले. ११.१० पुस्तक. ११.१५ कंपासपेटी सापडेना म्हणून शोधाशोध, क्लासची घाई. ११.४० कुकर. १.४० ओटा पुसून आडवी झाले, मोबाईल. २.२० वहिनीचा फोन. २.४५ मोबाईल. ३.३० बेल, कुरिअर. ३.४० मोबाईल. चारनंतर कधीतरी झोप लागली. ५.५० आईंनी हाक मारली. डोकं जड.”

वाचून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी लोळत नव्हते?”

सकाळभर त्या कामच करत होत्या. त्या कामांवर कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून ती आपोआप त्यांच्याकडे येत होती. दुपारी मोबाईल घेऊन पडून राहणं हीच घरातली अशी एक जागा होती, जिथे त्यांना कुणी काही सांगत नसे. सबीने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून माणूस कशाने सावरतो याच्या चार बाजू मांडल्या: कामातून मन सुटणं, शरीर-मन सैल होणं, काही शिकून ते जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. स. ताईंच्या दुपारी चौथी बाजू कुठेच नव्हती. बेल कधीही वाजणार हे माहीत असल्यामुळे त्या झोपतही नव्हत्या आणि उठतही नव्हत्या.

दुसरी गोष्ट झोपेची. सोमवार ते शुक्रवार झोप सव्वाबारा ते पावणेसहा, म्हणजे साडेपाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. सुट्टीच्या दिवशी रात्री दीड ते सकाळी साडेनऊ. झोपेचा मध्य काढला तर एरवी रात्री तीन, सुट्टीला पहाटे साडेपाच. टिल रोएनबर्ग यांच्या संशोधनगटाने २००६ मध्ये या फरकाला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. स. ताईंचा फरक अडीच तासांचा होता. भारत आणि सौदी अरेबियाच्या घड्याळांत नेमकं एवढंच अंतर आहे. दर शुक्रवारी रात्री त्यांचं शरीर रियाधच्या वेळेवर जात होतं आणि सोमवारी पहाटे त्याला परत ओढून आणावं लागत होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांचाच होता: दोन्ही दिवस पाचला उठायचं, मोबाईल मुलाकडे देऊन टाकायचा, कडक राहायचं. यात उठण्याची वेळ आठवडाभर सारखी राहते, हा फायदा खरा. पण साडेपाच तासांच्या झोपेवर आणखी कात्री लावणं म्हणजे थकव्यावर थकवा. हा पर्याय आम्ही लवकर सोडला.

दुसरा त्यांच्या यजमानांनी सुचवला: “सुट्टीत अभ्यास नकोच. ती दमते. हवं तर वर्षभर थांबू दे.” त्यामागे माया होती. पण थांबणं स. ताईंनी वीस वर्षं केलं होतं. हे ऐकताना त्यांचा चेहरा उतरला, आणि मला वाटतं या पर्यायाचं उत्तर तिथेच मिळालं.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त वेळ गेला. शनिवार पूर्ण अभ्यासाचा, रविवार पूर्ण विश्रांतीचा. ऐकायला सरळ वाटतं. अडचण अशी की रविवार त्यांच्या घरात विश्रांतीचा नव्हताच. मावशी नसतात, मासे किंवा मटण असतं, पाहुणे येतात, नाहीतर ठाण्याला माहेरी जायचं ठरतं आणि मेगाब्लॉकमुळे सगळं पुढेमागे होतं. शनिवारी सगळा अभ्यास उरकायचा म्हटलं की तो दिवस पुन्हा त्या लाल चौकटींनी भरणार. शिवाय एक शनिवार यजमान घरात, एक नाही. दोन्हींना एकच वेळापत्रक लागू पडत नव्हतं.

चौथा पर्याय: दिवस भरून टाकायचाच नाही. भिंतीवर दोन-तीन खुंट्या ठोकाव्यात तशा मोजक्या वेळा पक्क्या करायच्या आणि मधला वेळ मोकळा सोडायचा. उठण्याची वेळ एक, अभ्यासाची बैठक एक, आणि आधीच जाहीर केलेली, सुरुवात आणि शेवट असलेली विश्रांती. विश्रांतीलाही वेळ नेमून द्यायची, हे स. ताईंना सुरुवातीला विचित्र वाटलं. “आराम कुणी घड्याळ लावून करतं का?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण नोंदवहीतल्या दुपारीला शेवट नव्हता, म्हणून ती सहापर्यंत पसरली आणि रात्रीची झोप खाऊन गेली. आम्ही चौथा पर्याय निवडला.

काय केलं

सुरुवात आठवड्याच्या रात्रींपासून केली. शनिवारचं सकाळी साडेनऊचं उठणं ही आठवडाभराची थकबाकी होती. ती आधी कमी केल्याशिवाय शनिवार सुधारणार नव्हता. रात्री बारा का वाजतात, हे पाहिलं तेव्हा कळलं की जेवणं साडेनऊला आटपतात. मग ओटा, उरलेलं अन्न काढून ठेवणं, सकाळच्या भाजीची तयारी, आणि सगळे झोपल्यावर अर्धा-पाऊण तास मोबाईल. तिसऱ्या भेटीला यजमान आले. त्यांना वेळापत्रकाचा कागद आणि नोंदवही दोन्ही दाखवलं. ते शनिवारच्या पानावर थांबले. “हे मला ठाऊकच नाही. मी त्या दिवशी ऑफिसात असतो.” जेवणानंतरचा ओटा त्या दिवसापासून त्यांच्याकडे गेला. मुलाने आपला डबा आणि बाटली रात्रीच धुवायची, एवढं काम घेतलं. झोपण्याची वेळ हळूहळू सव्वाअकरावर आली.

सुट्टीला उठायची वेळ सात ठरवली होती. ती जमेना. न जमणारी वेळ ओढून धरण्यात अर्थ नसतो, म्हणून सव्वासात केली आणि ती टिकली.

अभ्यास घरात करायचा की बाहेर, हा मोठा निर्णय होता. घरात करायचा तर सगळ्यांना सांगून, दार लावून. बाहेर करायचा तर पैसे आणि जाण्यायेण्याचा वेळ. जवळच एक खासगी अभ्यासिका होती, महिन्याची फी बेताची. स. ताई कचरत होत्या. तिथे सगळी विशी-पंचविशीतली, स्पर्धा परीक्षांची मुलं. “काकू कुणाला न्यायला आल्या असं वाटेल.” पहिल्या शनिवारी त्या तासाभरातच उठून आल्या. दुसऱ्या वेळी भिंतीकडची कोपऱ्यातली जागा मिळाली आणि दोन तास कसे गेले ते कळलं नाही. दर शनिवारी दहा ते बारा अभ्यासिकेत, असं ठरलं. तिथे कुकर नाही आणि बेलही नाही. रविवारी अभ्यास नाही.

‘जमेल तसं जाईन’ याला आम्ही जागा ठेवली नाही. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक साधी पद्धत इथे कामी आली: ठरवलेलं काम एखाद्या नेमक्या प्रसंगाला बांधायचं. स. ताईंचं वाक्य असं होतं, ‘नाश्त्यानंतरचा चहाचा कप विसळला, की पिशवी उचलायची.’ दुसरं वाक्य मोडलेल्या दिवसासाठी: ‘सकाळची बैठक हुकली, तर ती सोडायची, दुपारची विश्रांती मात्र तशीच राहील.’ दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं ठरलं.

दुपारची विश्रांती दोन ते साडेतीन. खोलीचं दार बंद, मोबाईल बाहेर फ्रिजवर. झोप लागली तर झोपायचं, नाहीतर नुसतं पडायचं. ही गोष्ट सासूबाईंना सांगायची त्यांना भीती वाटत होती. त्या पिढीत दिवसा आडवं होणाऱ्या सुनेला काय म्हणत, ते आपण सगळे जाणतो. स. ताईंनी भेटीत तालीम केली आणि घरी जाऊन सरळ सांगितलं, “आई, दोन ते साडेतीन मी खोलीत आहे. बेल वाजली तर तुम्ही बघाल का?”

“झोप ना. मी कधी नको म्हटलं? फक्त तिन्हीसांजेला झोपत जाऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं.”

सासूबाईंच्या या म्हणण्याला झोपेच्या शास्त्राचाही दुजोरा आहे. जागेपणी झोपेचा दाब साठत जातो, असं अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं. संध्याकाळी झोपलं की तो दाब उतरतो आणि रात्री झोपेसाठी काही उरत नाही. पुढे सासूबाईंनी आपणहून एक काम घेतलं. साडेतीन वाजता त्या चहा टाकत आणि दार वाजवत. गजर बंद करून पुन्हा झोपणाऱ्या स. ताई त्या हाकेला मात्र उठत. संध्याकाळी साडेसहाचा दुसरा चहा बंद झाला. दुपारी मोकळ्या झालेल्या वेळात त्या दोघी कधी कधी सेक्टर १४ मधल्या निसर्ग उद्यानात फेरी मारून येऊ लागल्या.

मोबाईलचं काय करायचं यावर मतभेद झाला. त्यांना सगळी ॲप्स काढून टाकायची होती. मी थांबवलं. बहिणीशी आणि शाळेतल्या मैत्रिणींशी असलेला त्यांचा संपर्क तिथेच होता, आणि तोही विसावाच आहे. मोबाईल फक्त अंथरुणातून बाहेर काढला.

दरम्यान रक्ताचा रिपोर्ट आला, तोही महिनाभर पुढे ढकलल्यावर. हिमोग्लोबिन १०.२. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ही पातळी १२ च्या खाली असली की रक्तक्षय मानतात. थायरॉइड ठीक होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. स. ताई गोळी सकाळच्या चहासोबत घेत होत्या. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर वेळ बदलली.

परिणाम

साडेतीन महिन्यांनंतरच्या नोंदीनुसार झोप एरवी सव्वाअकरा ते पावणेसहा, सुट्टीला पावणेबारा ते सव्वासात. झोपेच्या मध्यांतला फरक एका तासावर आला. साडेसहा तास अजून कमीच आहेत, पण सोमवारची सकाळ बदलली. हिमोग्लोबिन ११.८ झालं. यातला कोणता फरक गोळ्यांचा, कोणता झोपेचा आणि कोणता ओटा सुटल्याचा, हे वेगळं करून सांगता येणार नाही, आणि तसा दावा करणं चुकीचं होईल.

अभ्यास आठवड्याला दोन तास झाला. जुन्या कागदावर तो शनिवारीच सहा तासांचा लिहिला जात होता आणि प्रत्यक्षात वीस मिनिटंही होत नव्हता. असाइनमेंट वेळेत गेल्या. परीक्षेत एक विषय राहिला, बाकीचे सुटले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गणपतीच्या आधीचे शनिवार साफसफाईत आणि खरेदीत गेले, त्यांत अभ्यासिका झाली नाही. विश्रांतीची दुपार मात्र बहुतेक वेळा वाचली. यजमान घरी असलेल्या शनिवारी अजूनही घोळ होतो. त्यांना सुट्टी म्हणून कुठेतरी जावंसं वाटतं, ते स्वाभाविक आहे. रविवार अजूनही स. ताईंवरच पडतो. वाटण आणि भाज्यांची तयारी संध्याकाळी तिघांनी मिळून करायची ठरली, ती एका रविवारी होते, दुसऱ्या रविवारी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रक्ताची तपासणी सांगून सोडण्यापेक्षा पहिल्या भेटीतच तारीख ठरवून घेणं बरं. ही कामं बाई सगळ्यात शेवटी करते, कारण त्यात घरातल्या दुसऱ्या कुणाचं काही अडत नाही.

यजमानांना दुसऱ्याच भेटीला बोलवायला हवं होतं, नोंदवही भरल्या भरल्या. ते मन लावून ऐकणारे होते. सगळ्या घरांत असं नसतं. जिथे ओटा कुणीच उचलणार नाही, तिथे ही आखणी जशीच्या तशी चालणार नाही. तिथे आधी एखाद्या कामाचा दर्जा किंवा संख्या कमी करावी लागते: रविवारी तीनऐवजी दोन पदार्थ, इस्त्री बाहेर.

यजमानांच्या कामाचे आणि सुट्टीचे शनिवार सुरुवातीपासून वेगळे आखले असते, तर मधले दोन महिने ओढाताण झाली नसती. घरी असलेल्या शनिवारी बैठक सकाळी साडेसात ते साडेनऊ, सगळे उठायच्या आत, असा प्रयोग आता चालू आहे. आणि अशी घडी बसवायला श्रावणाच्या तोंडावर सुरुवात करू नये. सणांच्या दिवसांत घरातल्या बाईचा वेळ तिच्या हातात सर्वांत कमी असतो.

जूनमध्ये मुलगा दहावीत जाईल आणि त्याचे क्लास शनिवारी सकाळी दहालाच असतील. त्याला डबा हवा, तो वेळेवर निघायला हवा. स. ताईंचं म्हणणं आहे की बैठक संध्याकाळी पाचला न्यावी. मला वाटतं सकाळ सोडू नये, डबा यजमानांनी किंवा त्याने स्वतः भरावा. पुढच्या भेटीला मुलालाही बोलावलं आहे.